अंडी घटली, बोल मात्र सुनेला

(कल्याण तालुक्यातील बचत गटांच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

माझ्या विषयाचं नाव पुकारलं, 'लावा पक्ष्यांच्या खाद्यातली एन्झाइम', तेव्हा मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली. ती मला इथपर्यंत ऐकू आली. साहजिक आहे. आपण या मेळाव्यात मारहाणीवर बोलतो, रेशनवर बोलतो, घर दोघांच्या नावावर करण्याबद्दल बोलतो. त्यात ही पाखरांची पूड कुठून आली? तर ही पूड आमच्या गावात आली तेव्हा गटाच्या हप्त्याचे पैसे गेले, घराघरांत भांडणं झाली आणि एका पोरीवर आळ आला. म्हणून हा विषय मी मागून घेतला आहे.

आधी काय घडलं ते सांगते. गोष्ट २००८ सालची. टिटवाळ्याच्या पलीकडचं गाव. आम्ही सात जणींनी बचत गटातून कर्ज काढलं आणि जपानी लावा पाळायला घेतले. एकीच्या परसात शेड घातली, पिंजरे आणले, शंभर माद्या. काम पाळीपाळीनं करायचं ठरलं. जूनमध्ये अंडी सुरू झाली. पावसाळाभर रोज ७८ ते ८० अंडी मिळत होती. कर्जाचा हप्ता वेळेवर जात होता. आम्हाला वाटलं, जमलं.

दसरा झाला आणि आकडा उतरायला लागला. सत्तर झाला, पासष्ट झाला, दिवाळीनंतर साठावर आला. साठ अंड्यांत खाद्याचा खर्चसुद्धा जेमतेम निघत होता, हप्ता कुठून काढायचा? नेमका त्याच सुमाराला औषधं आणि खाद्य विकणारा एक माणूस गावात आला. त्याच्याकडे एन्झाइमची पूड होती. पक्षी आम्ही पाळत होतो, कर्ज आमच्या नावावर होतं, पण तो बोलला ओट्यावर बसलेल्या पुरुषांशी. आमच्यातली एक पुढे झाली तर म्हणाला, "वहिनी, तुम्ही चहा टाका, मी दादांना समजावतो." दादांना समजावून झालं. ही पूड खाद्यात घातली की महिन्याभरात अंडी पुन्हा ऐंशीवर जातील, असं सांगून तो एक एक किलोचे दोन पुडे ठेवून गेला. पैसे गेले त्या महिन्याच्या हप्त्यातून. आम्हाला चहाच्या कपबशा विसळताना कळलं.

पूड घातली, महिना गेला. अंडी साठच राहिली. मग दोष शोधायला सुरुवात झाली. शेड जिच्या परसात होती, तिच्या घरची धाकटी सून संध्याकाळी अंडी गोळा करायची. वीस-एकवीस वर्षांची पोर, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासू म्हणाली, "ही बाहेरची असताना पिंजऱ्याला शिवली, म्हणून अंडी गेली." दुसरी म्हणाली, तिचा हातच गुणाचा नाही. तिला शेडमध्ये जायची बंदी झाली. जेवताना टोमणे सुरू झाले. नवऱ्यानं एकदा हात उगारला. आणि आम्ही, बचत गटाच्या सभेत समानतेची गाणी म्हणणाऱ्या बायका, गप्प बसलो. मीही गप्प बसले. हे मी आज मुद्दाम कबूल करते आहे.

आता, खरं काय झालं होतं ते कळण्यासाठी आधी हा पक्षी समजून घ्यावा लागेल.

आपल्या माळरानावर, शेताच्या बांधावर भुर्रकन उडणारा लावा तुम्ही पाहिला असेल. तो रानातला. त्याला पकडणं कायद्यानं गुन्हा आहे. पाळतात तो जपानी लावा. बाजारात त्याला बटेर म्हणतात, क्वेलही म्हणतात. हा १९७४ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस इथल्या विद्यापीठातून आपल्याकडे उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला आणला गेला, आणि तिथून देशभर पसरला. रानातले लावे पकडून पाळीव म्हणून विकले जातात अशी शंका आल्यामुळे २०११ साली केंद्राच्या पर्यावरण खात्यानं नवे परवाने थांबवायला सांगितलं होतं. पुढे ती अट सैल झाली. तरी नव्यानं सुरू करणाऱ्यांनी आधी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात जाऊन नियम लेखी विचारून घ्यावेत.

मादी दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम वजनाची. सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी द्यायला लागते. एक अंडं साधारण दहा ग्रॅमचं, कोंबडीच्या अंड्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं. नीट सांभाळली तर वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. हिशोब करून पाहा. दीडशे ग्रॅमची मादी दहा ग्रॅमचं अंडं देते, म्हणजे स्वतःच्या वजनाचा पंधरावा हिस्सा रोजच्या रोज अंगातून काढून देते. कोंबडीला हा बोजा याच्या निम्म्याइतका असतो. म्हणून लाव्याचं खाद्य तालेवार लागतं. त्यात प्रथिनं शेकडा वीसच्या आसपास हवीत, कॅल्शियम अडीच ते तीन टक्के हवं. अंड्यावरच्या कोंबडीचं सोळा-सतरा टक्के प्रथिनांचं खाद्य स्वस्त पडतं म्हणून पुष्कळ जणी तेच लाव्यांना घालतात आणि मग अंडी का कमी म्हणून चिंता करतात.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. कोंबडी सकाळी अंडं देते. लावा दुपार कलल्यावर, बहुतेक अंडी तीन ते सहाच्या दरम्यान देतो. म्हणजे अंडी गोळा करायची वेळ संध्याकाळची. ती वेळ बाईची कोणती असते हे तुम्हाला सांगायला नको. नळाला पाणी त्याच वेळी येतं, पोरं शाळेतून येतात, चूल पेटवायची असते, लोकलनं माणसं घरी येतात. लावापालनाच्या छापील पत्रकात 'कमी श्रमाचा व्यवसाय' असं लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्यानं संध्याकाळी सहा वाजता कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावलेलं नसावं.

तिसरी गोष्ट उजेडाची. अंडी चांगली यायला लाव्याला दिवसाचा चौदा ते सोळा तास उजेड लागतो. डोळ्यांवाटे आणि डोक्याच्या कवटीतूनही उजेड मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तिथून अंडाशयाला सांगावा जातो. दिवस लहान झाला की पक्ष्याचं शरीर समजतं, आता पिल्लांचा हंगाम नाही. मग अंडी कमी होतात. ही गोष्ट मनात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

आता पुडीकडे वळू. एन्झाइम हा शब्द ऐकला की वाटतं, हे काहीतरी प्रयोगशाळेतलं, आपल्याला न कळणारं. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. पण तुम्ही सगळ्या रोज विकरं वापरता. मटण निबर असलं की कच्च्या पपईचा तुकडा घालता ना? पपईच्या चिकात एक विकर असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं, म्हणून मटण लवकर शिजतं. भाताचा घास चावत राहिलात तर गोडसर लागतो, कारण थुंकीतलं विकर पिठूळ भागाची साखर करतं. विकर म्हणजे कात्री. ती कापते. आणि प्रत्येक कात्री एकाच प्रकारचं कापड कापते. पपईची कात्री भाताला चालत नाही. हे एवढं समजलं की विक्रेत्याचं निम्मं भाषण तुम्हाला तपासता येईल.

पक्ष्यांच्या खाद्यात मुख्यतः दोन प्रकारच्या कात्र्या घालतात. पहिली फायटेज. धान्यात, पेंडीत, कोंड्यात फॉस्फरस असतो, पण त्यातला सुमारे दोन तृतीयांश फायटेट नावाच्या गाठीत बांधलेला असतो. पक्ष्याला ती गाठ पुरेशी सोडवता येत नाही. तो फॉस्फरस विष्ठेतून बाहेर जातो, आणि जाताना त्याच गाठीत अडकलेलं थोडं कॅल्शियम, थोडं जस्तही घेऊन जातो. फायटेज ती गाठ सोडवतं. आपल्या आज्या कडधान्याला मोड आणायच्या, धान्य आंबवायच्या, त्यातही हेच घडतं. भिजलेल्या दाण्यातलं स्वतःचं फायटेज जागं होतं आणि गाठ सैल करतं.

दुसऱ्या कात्र्या चोथ्यावर काम करतात. झायलनेज, बीटा-ग्लुकनेज अशी त्यांची नावं. गहू, जव, राय अशा धान्यांत एक प्रकारचा चिकट तंतू असतो. तो आतड्यात बुळबुळीत लगदा करतो आणि चांगलं अन्नही अंगी लागू देत नाही. हे विकर त्या तंतूचे तुकडे करतं. मक्यात आणि सोयापेंडीत हा चिकटपणा कमी असतो, म्हणून तिथे या विकराला कामही कमीच असतं.

मग ही पूड खोटी आहे का? नाही. ते मला स्पष्ट सांगायचं आहे, कारण रागाच्या भरात आपण उलट टोकाला जातो आणि शास्त्रच नको म्हणतो. लाव्यांवर या विकरांचे प्रयोग देशोदेशी झालेले आहेत. त्यांचं सार असं निघतं की खाद्यात फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवला असेल तर फायटेज ती तूट भरून काढतं, अंडी आणि कवच टिकून राहतं. खाद्यात कोंडा, सूर्यफुलाची पेंड असा चोथ्याचा स्वस्त माल जास्त असेल तर चोथा तोडणारं विकर त्यातून जास्त पोषण काढून देतं. पण खाद्य मुळात मका-सोयाचं आणि पुरेसं असेल, तर पूड घालून फारसा फरक पडत नाही. मादीच्या रक्तात जेवढी अंडी आहेत त्यापेक्षा जास्त अंडी कोणतंही विकर आणू शकत नाही. 'दुप्पट अंडी' असं जो म्हणतो तो एक तर अडाणी आहे किंवा आपल्याला अडाणी समजतो.

आणि हेही ऐका. फायटेज पहिल्यांदा १९९१ साली नेदरलँडमध्ये बाजारात आलं. तिथला प्रश्न जास्त अंड्यांचा नव्हता. छोटा देश, डुकरं आणि कोंबड्या लाखोंनी, त्यांच्या विष्ठेतला फॉस्फरस जमिनीत, पाण्यात उतरत होता. सरकार खतावर निर्बंध आणत होतं. विष्ठेतला फॉस्फरस कमी करायचा तर खाद्यात वरून घालायचा फॉस्फरस कमी केला पाहिजे, त्यासाठी हे विकर उपयोगी पडलं. पुढे मोठ्या कारखान्यांना त्यात पैशांचीही बचत दिसली, कारण वरून घालायची महाग डीसीपी पावडर कमी लागायला लागली. म्हणजे विकर घालायचं आणि त्या बदल्यात दुसरं काहीतरी कमी करायचं, तेव्हा त्याचे पैसे वसूल होतात. खाद्य होतं तसंच ठेवून वरून पूड भुरभुरली तर खर्च तेवढा वाढतो. ही गोष्ट ओट्यावर कुणी सांगितली नाही.

आमच्या बाबतीत तर याहून मोठी चूक झाली होती. आम्ही तयार खाद्य पोत्यानं आणत होतो. त्या पोत्याला शिवलेली चिठ्ठी आम्ही पोतं उसवताना फाडून टाकायचो. एके दिवशी आमच्यातल्या एकीच्या मुलीनं, ती तेव्हा बारावीला होती, ती चिठ्ठी वाचली. बारीक इंग्रजी अक्षरांत घटकांच्या यादीच्या शेवटी लिहिलेलं होतं, एन्झाइम. म्हणजे आम्ही आधीच विकर घातलेल्या खाद्यात पुन्हा विकर घालत होतो.

मग त्याच मुलीनं पुड्यावरचं प्रमाण वाचलं. टनाला पाचशे ग्रॅम. आता गणित आपण सगळ्या मिळून करू. एक मादी दिवसाला साधारण २७ ग्रॅम खाते. शंभर माद्या दोन किलो सातशे ग्रॅम. महिन्याला सुमारे ८० किलो. टनाला पाचशे ग्रॅम, तर ८० किलोला किती? चाळीस ग्रॅम. म्हणजे एक किलोचा पुडा आम्हाला दोन वर्षं पुरला असता, आणि त्यानं आम्हाला दोन पुडे विकले होते. चार वर्षांचा माल! पुडा फोडल्यावर आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत त्याची ताकद दिवसेंदिवस कमी होते. वर ते चाळीस ग्रॅम ८० किलोत सारखे मिसळायचे कसे? आम्ही तर एक एक मूठ टाकत होतो. एकीनं लवकर विरघळावं म्हणून गरम पाण्यात कालवून घातलं. गरम पाण्यात बहुतेक विकरं निकामी होतात, पपई घालून उकळलेल्या मटणात पपईचं काम थांबतं तसंच. त्यात त्या बाईचा दोष नाही. सूचना इंग्रजीत होत्या आणि समजावणी दादांना झाली होती.

म्हणून पुढच्या वेळी असा कुणी आला तर चहा टाकायच्या आधी चार प्रश्न विचारा. पहिला, आमच्या खाद्यात हे आधीच आहे का? त्यासाठी पोत्याची चिठ्ठी जपून ठेवा, गटाच्या फाइलीत लावा. दुसरा, यात नेमकं कोणतं विकर आहे, त्याची ताकद किती आणि मुदत कधी संपते? नुसतं 'शक्तिवर्धक' लिहिलेलं चालणार नाही. तिसरा, टनाला किती, आणि आमच्या पक्ष्यांना महिन्याला किती? चौथा, हे घातल्यावर खाद्यातलं काय कमी करायचं आणि त्यात किती रुपये वाचतील? चौथ्या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याच्याकडून पूड घेऊ नका.

ज्या बहिणी घरी खाद्य तयार करतात त्यांच्यासाठी मात्र हा विषय वेगळा आहे. मुरबाड, शहापूर, आपला कल्याण तालुका, हा भाताचा मुलूख. गिरणीत कोंडा स्वस्त मिळतो. कोंड्यात फॉस्फरस भरपूर असतो पण बहुतेक गाठीत बांधलेला, आणि चोथाही जास्त. अशा खाद्यात थोडा कोंडा वापरून विकराची जोड दिली तर फायदा होऊ शकतो. पण कोंडा ताजा हवा. त्यात तेल असतं, ते आठवड्या-दोन आठवड्यांत खवट होतं. बुरशी लागलेला मका किंवा पेंड तर अजिबात नको. पावसाळ्यात ओलसर पोत्यांत जी बुरशी वाढते तिच्या विषावर यातलं कोणतंही विकर चालत नाही. आणि पूड मिसळताना रांगोळीत रंग मिसळतो तशी मिसळा. चाळीस ग्रॅम आधी अर्धा किलो मक्याच्या पिठात, ते दोन किलोत, ते दहा किलोत, मग सगळ्यात.

सोयापेंडीचा भावही लक्षात घ्या. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयापेंड इतकी भडकली की केंद्र सरकारला ऑगस्टमध्ये बारा लाख टन पेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली. मोठ्या कंपन्या अशा वेळी खाद्याचं सूत्र बदलून तग धरतात. आपल्यासारख्या शंभर पक्ष्यांवाल्या बायकांचं कंबरडं मोडतं, कारण अंड्यांच्या धंद्यात खर्चाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग एकट्या खाद्याचा असतो. म्हणून खाद्याचं ज्ञान ज्याच्या हातात, धंदा त्याच्या हातात. आपण पाणी देतो, विष्ठा काढतो, अंडी वेचतो, आणि पोतं कोणतं आणायचं ते दुसराच ठरवतो. मग तो धंदा आपला कसा म्हणायचा?

आता त्या पोरीकडे येते.

अंडी घटली ती पुडीअभावी नाही, हे कळलं. मग कशानं? त्याचा शोध लागला तो त्याच सुनेच्या वहीत. ती सातवी शिकलेली होती. संध्याकाळी अंडी वेचली की जुन्या वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि आकडा लिहायची. कुणी सांगितलं नव्हतं. ती वही आम्ही जानेवारीत पहिल्यांदा उघडून पाहिली. त्यात आकड्यांच्या बाजूला कुठे कुठे लिहिलेलं होतं, 'लाईट नाही'. ऑक्टोबरपासून ते शब्द जवळजवळ रोज होते. तुम्हाला आठवत असेल, ते भारनियमनाचे दिवस. आमच्याकडे ऑक्टोबरात वेळापत्रक बदललं आणि वीज नेमकी संध्याकाळी जायला लागली. पावसाळ्यात दिवस मोठा, वर रात्री बल्ब, म्हणून उजेड पुरत होता. हिवाळ्यात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा. सहाला अंधार पडला की शेड काळोखी. रात्री वीज आली तरी घरातला कुणी तरी बिल वाढेल म्हणून शेडचा बल्ब बंद करायचा. सोळा तासांचा उजेड अकरावर आला होता. त्यात पक्ष्यांचं वयही वाढत होतं. अंडी घटणारच होती.

आणखी एक. ती चार दिवस बाजूला बसायची ते दिवस वहीत कोरे होते, कारण तेव्हा तिला शिवू देत नसत. म्हणजे पाळीत ती पिंजऱ्याला शिवतच नव्हती! आणि ज्या महिन्यांत तिला शेडची पूर्ण बंदी होती त्या महिन्यांतही अंडी साठच होती. तिच्या सासूसमोर आम्ही ती वही ठेवली. सासू काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून सून शेडमध्ये जायला लागली, एवढंच झालं. माफी कुणी मागितली नाही. आम्हीही तेव्हा मागितली नाही. पुढे काही वर्षांनी मी तिच्याकडे जाऊन मागितली. ती म्हणाली, "ताई, मी वही लिहीत होते म्हणून वाचले. नाहीतर मलापण वाटायला लागलं होतं, माझ्यामुळेच असेल." हे वाक्य मी विसरू शकत नाही. आळ घेणाऱ्यांपेक्षा आळ स्वतःला पटायला लागणं जास्त भयंकर आहे.

मैत्रिणींनो, विटाळाच्या समजुतीवर आपण नुसती भाषणं करतो. पापड लाल पडले, लोणच्याला बुरशी आली, तुळस वाळली, अंडी घटली, दोष बाईच्या अंगाचा. या समजुतीला वहीनं उत्तर देता येतं, हे मला तेव्हा समजलं. पण एक सावधगिरी ठेवा. वहीत उलटं निघालं असतं, योगायोगानं तिच्या पाळीच्या दिवसांत अंडी कमी दिसली असती, तरी ती दोषी ठरत नव्हती. शंभर पक्ष्यांत एखाद-दुसरा दिवस पाच अंडी इकडेतिकडे होतातच.

मग आम्ही उपाय काय केला? संध्याकाळी वीज नाही, पण पहाटे असायची. पहाटे तीनपासून उजाडेपर्यंत बल्ब लावला तर पंधरा तास भरत होते. लगेच प्रश्न आला, तीनला उठणार कोण? सगळ्यांच्या माना सुनांकडे वळल्या. या वेळी आम्ही गप्प बसलो नाही. पक्ष्यांना चार तास उजेड जास्त हवा, त्याची किंमत बाईच्या चार तास झोपेनं का द्यायची? आम्ही घड्याळाचा स्विच आणला, टायमर म्हणतात तो. दोन पुड्यांच्या पैशांत तो सहज आला असता. तीन आठवड्यांत अंडी पुन्हा सत्तरीच्या वर गेली.

उरलेल्या पुडीचा आम्ही नंतर एक प्रयोग केला. पन्नास माद्यांना पूड घातलेलं खाद्य, पन्नासांना साधं. वय तेच, उजेड तोच, पाणी तेच. चार आठवडे रोज दोन्हीकडची अंडी वेगळी मोजली. फरक दोन-चार अंड्यांचा, तोही कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. हा प्रयोग कुठल्याही गटाला करता येतो, त्याला पदवी लागत नाही. एक करा, कोणत्या बाजूला पूड आहे हे मोजणाऱ्या बाईला सांगू नका. मन आशेनं मोजतं.

आता थोडं बाईच्या वेळेबद्दल. १९९१ च्या जनगणनेत, स्त्री चळवळीनं आणि अभ्यासकांनी आग्रह धरल्यावर, शेतावर किंवा घरच्या उद्योगात बिनपगारी केलेलं कामही काम म्हणून विचारलं गेलं. २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी झाली. तिच्यात दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका दिवसाचे २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं. आमच्या शेडचा जमाखर्च काढताना खाद्य धरलं, वीज धरली, पक्ष्यांची किंमत धरली. सात जणींची मजुरी शून्य धरली होती. ती धरली तेव्हा 'फायदा' म्हणून जे दिसत होतं त्यातलं फार थोडं उरलं. लाज वाटून घेऊ नका, पण हा आकडा लिहा. नाही लिहिला तर पुढचा माणूस येऊन सांगेल की हा धंदा कमी श्रमाचा आहे.

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा कितीतरी बायकांच्या नावावर जमिनीचा तुकडा आला. आपल्या बचत गटांत उलटं झालं, जमीन येण्याआधी कर्ज नावावर आलं. कर्ज बाईच्या नावावर, शेड सासऱ्याच्या जागेत, पोतं नवऱ्यानं ठरवलेलं, पूड विक्रेत्यानं ठरवलेली, आणि अंडी घटली की बोल पुन्हा बाईला. ही साखळी कुठे तोडायची? मी म्हणते, पोत्याच्या चिठ्ठीपासून सुरुवात करा. ती सगळ्यांत हाताशी आहे.

आपण बसलो आहोत त्या कल्याणात १८६५ साली आनंदीबाई जोशी जन्मल्या. १८८६ साली त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी मुंबईला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, ते आज परळला आहे. इतकी वर्षं ज्ञान आपल्यापासून लोकलच्या अंतरावर आहे. गोरेगावला आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था प्रशिक्षण देते. पण तिथे जायचं तर दोन दिवस घर कोण सांभाळणार, हा प्रश्न आधी घरात सोडवावा लागतो. आमच्या गटानं ठरवलं आहे की प्रशिक्षणाला जाणारीच्या घरचं काम उरलेल्या सहा जणींनी नाही, तिच्या घरच्या पुरुषांनी करायचं. दोन घरांत ते झालं. पाच घरांत अजून भांडण चालू आहे.

घरी जाताना एवढं करा. गटाच्या वहीत चार रकाने आखा. तारीख, अंडी, खाद्य, उजेडाचे तास. पाचवा रकाना माणसाच्या तासांचा, त्यात काम कुणी केलं त्याचं नाव लिहा. आणि तुमच्या गावात अंडी, दूध, पापड, काहीही बिघडल्याचा बोल कुणा पोरीवर आला, तर सभेत तिच्या बाजूनं उभ्या राहा. वही नंतर उघडली तरी चालेल. आम्ही आधी वही उघडली, उभ्या फार उशिरा राहिलो.